पाचवी ‘ब’ची शेळी

बुऱ्हाणपूरच्या ज्ञानतापी इंटरनॅशनल स्कूलमधील पाचवी ‘ब’च्या विद्यार्थ्यांच्या अंगी जबाबदारी अजिबात नाही, ही बाब व्यवस्थापनाच्या निदर्शनास आली तेव्हा शैक्षणिक वर्ष संपत आलं होतं. बाब गंभीर होती. मुलं पाण्याच्या बाटल्या हरवत, डबे विसरत, आणि एक मुलगा तर शनवारा चौकात उतरताना धाकट्या बहिणीला रिक्षातच विसरून घरी गेला होता. बहीण सापडली. बाटली अजून सापडलेली नाही.

प्राचार्या अलका मॅडम नुकत्याच इंदूरच्या एका मोठ्या हॉटेलात भरलेल्या शिक्षण शिबिराहून परतल्या होत्या. तिथे जेवणाआधीच्या सत्रात पडद्यावर परदेशातली एक शाळा दाखवली होती. त्या शाळेतली मुलं चिखलात बसून कोकरांना बाटलीने दूध पाजत होती आणि त्यामुळे जबाबदार होत होती. मॅडमना ते फार पटलं. आपल्याकडेही कितीतरी मुलं शाळा बुडवून गुरांमागे फिरतात आणि त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. पण ती गुरं शाळेच्या बाहेर होती, आणि शाळेच्या बाहेर जे होतं त्याला शिक्षण म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

कोणतं जनावर आणावं यावर सभा झाली. गाईचं नाव निघताच सगळे हात जोडून उभे राहिले. मग आधी कुणी बसायचं हे ठरेना, म्हणून गाय सोडून देण्यात आली. म्हैस फाटकातून आत येत नव्हती. कोंबडी अंडी देते, सबब शाकाहारी पालकांच्या भावना दुखावल्या असत्या. गाढवाला शिक्षकवर्गाने हरकत घेतली, पण कारण दिलं नाही. शेळीबद्दल मात्र कुणाचंच काही मत नव्हतं, त्यामुळे ती बिनविरोध मंजूर झाली.

शेळी विकत घ्यायची तर ती फर्निचरमध्ये धरायची की प्रयोगशाळेच्या साहित्यात, यावर शाळेचा हिशेबनीस अडून बसला. शेवटी शिपायाने तोड काढली. म्हणाला, विकत कशाला, बटाईवर घ्या.

बटाई ही आमच्या तापीकाठची जुनी सोय. शेत एकाचं, कसणारा दुसरा, पीक निम्मं-निम्मं. शेळीचंही तसंच. मालक शेळी देतो, दुसरा तिला सांभाळतो आणि होतील ती पिल्लं दोघांत वाटली जातात. कागद नाही, स्टॅम्प नाही. दावं हातात घेतलं की करार झाला. अलका मॅडमनी या सगळ्याला ‘लोकसहभाग’ असं नाव दिलं आणि त्या स्वतः पुलापलीकडे जैनाबादला गेल्या.

जैनाबादच्या मालूबाईकडे चांदी नावाची एक पांढरीशुभ्र, गाभण शेळी होती.

“शेयी माही, चारापानी तुमचं, पिल्लं आधे-आधे,” मालूबाई म्हणाली. “पन सांगून ठेवते मास्तरीनबाई, इले एकटीले करमत नही. व्याच्या टायमाले कोनीतरी मायेचं मानूस जवय पाह्यजे.”

“आमच्याकडे पाचवी ‘ब’मध्ये अडतीस मुलं आहेत,” मॅडम अभिमानाने म्हणाल्या. “शिवाय त्यांचे पालक.”

“मंग कठीन हाय,” मालूबाई म्हणाली आणि तिने दावं दिलं.

दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर परिपत्रक आलं. चांदीचं नाव आता ‘शैक्षणिक पशू क्रमांक एक’ असं झालं होतं. ती दर आठवड्याला एका विद्यार्थ्याच्या घरी राहील. विद्यार्थी तिची संपूर्ण जबाबदारी घेईल. रोज एक फोटो ग्रुपवर टाकला जाईल आणि त्यावरून गुण मिळतील. सुरक्षिततेच्या कारणास्तव विद्यार्थ्याने पशूपासून चार फूट अंतर राखून जबाबदारी घ्यावी. ज्याच्या आठवड्यात शेळी विईल त्याला विशेष गुण आणि वार्षिक महोत्सवात ‘जबाबदार विद्यार्थी’ ही ढाल मिळेल. शेळीने शक्यतो शालेय वेळेत व्यावं, अशीही एक सूचना तळाशी होती.

सुरुवातीचा मान हर्षलला मिळाला. हर्षलचे वडील केळीचे मोठे आडते. त्यांनी चांदीसाठी हॉलमध्ये कूलर लावला, खाली गालिचा अंथरला आणि तिला शाम्पूने न्हाऊ घातलं. पहिल्या फोटोत शेळीपुढे बदाम होते, दुसऱ्यात मनुका आणि तिसऱ्यात चांदीच्या वाटीत दराबा, ही गावची खास मिठाई. ज्या दराब्यासाठी लोक लांबून येतात, तो शेळीने हुंगला आणि गालिचा खायला घेतला. हर्षल फोटोत कुठेच नव्हता, कारण तो त्या वेळी ट्यूशनला असे. त्याला पैकीच्या पैकी गुण पडले आणि ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला.

या फोटोंनी पाचवी ‘ब’च्या घराघरांत झोप उडाली. सगळ्यांत जास्त उडाली प्रभाकरांची.

प्रभाकर सिंचन खात्यात बडे बाबू. आयुष्यात त्यांनी एकच तत्त्व पाळलं होतं, ते म्हणजे काम आपल्या टेबलावर थांबता कामा नये. आलेली फाईल ते इतक्या चपळाईने दुसऱ्याच्या टेबलावर पाठवत की वरिष्ठ त्यांना कार्यक्षम समजत. त्यांची मुलगी पल्लवी हर्षलच्याच वर्गात होती. शेळी साधारण कोणत्या आठवड्यात विणार याचा अंदाज मालूबाईने सांगितलेला होता. तो आठवडा कुणाला मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं. शाळेच्या नव्या बोअरवेलची फाईल त्या वेळी प्रभाकरांच्या टेबलावर होती. फाईल हलली आणि चिठ्ठी पल्लवीच्या नावाची निघाली.

या सगळ्या कारभारात शेळीकडे शेळी म्हणून पाहणारी एकटी पल्लवी होती, हे इथे सांगून टाकतो. घरोघरी जाण्याआधी चांदी काही दिवस शाळेच्या मागे लिंबाखाली बांधलेली होती, तेव्हा पल्लवी रोज मधल्या सुट्टीत तिथे जाऊन, चार फूट अंतराचा नियम मोडून, तिचं दोन शिंगांमधलं कपाळ खाजवायची. चांदी डोळे मिटून उभी राहायची. शाळेच्या कुंपणाला बोरीचं एक झुडूप होतं. त्याचा पाला ओरबाडून पल्लवीच्या हातांना ओरखडे पडले होते आणि दप्तराच्या पुढच्या खणात वह्यांऐवजी पालाच असे. आपल्या घरी चांदी विणार, आपण तिच्याजवळ बसणार, करडाला आधी आपण हात लावणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाकी ढाल-बिल तिला नको होती.

शनिवारी सागरच्या रिक्षातून चांदी आली. सागर पल्लवीला रोज शाळेत नेणारा रिक्षावाला. लिफ्ट बंद होती, म्हणून चौघांनी मिळून तिला तिसऱ्या मजल्यावर चढवलं. दारात पल्लवीची आई रजनी आरतीचं तबक घेऊन उभी होती, कारण हर्षलच्या आईने ओवाळल्याचा फोटो टाकला होता.

“पप्पा, सब मैं करूंगी हां,” पल्लवी नाचत म्हणाली. “चारा मी घालणार, पाणी मी देणार. लेंड्या पण मीच उचलणार. प्रॉमिस. आणि रात्री मी तिच्याजवळ झोपणार.”

“आणि परीक्षा कोण देणार? शेळी?” प्रभाकर म्हणाले.

“अहो, पल्लवीला धुळीचा त्रास आहे,” रजनी म्हणाली. “शिंकायला लागली म्हणजे मग मलाच बघावं लागतं. आणि गॅलरीत कपडे वाळत असतात.”

“पण मॅडम म्हणाल्या, जबाबदारी मेरी है!”

प्रभाकरांनी मुलीला जवळ बसवलं. त्यांच्या स्वरात खरोखर माया होती. आपण तिला आयुष्यभर पुरेल असं काही देतो आहोत असं त्यांना वाटत होतं.

“बेटा, जबाबदारी म्हणजे स्वतः करणं नव्हे. स्वतः तर कुणीही करतं. जबाबदारी म्हणजे करवून घेणं. बघ, मी एवढी मोठमोठी धरणं सांभाळतो. कधी फावडं हातात घेतलेलं पाहिलंस?”

पल्लवीने विचार केला. खरंच नव्हतं पाहिलेलं.

रोज फोटो मात्र लागणार होता. त्याची सोय प्रभाकरांनी तासाभरात लावली. पल्लवीने शाळेचा गणवेश घातला, फोटो झाला. मग खेळाचा ड्रेस, मग फ्रॉक, मग परकर-पोलकं, मग नाताळातला लाल स्वेटर, आणि आणखी दोन-तीन. दर वेळी चांदीच्या गळ्यातली रिबीन बदलली. आठवड्याभराचे फोटो मोबाईलमध्ये जमा झाले. परकर-पोलक्याच्या फोटोत चांदीने परकराचा काठ चघळायला घेतला आणि पल्लवी खळखळून हसली. तो फोटो रजनीने बाद केला, कारण त्यात दोघींमधलं अंतर चार फूट नव्हतं.

फोटो झाल्यावर शेळीचं काय करायचं, एवढाच प्रश्न उरला. घरी कामाला येणारी मथुराबाई त्या वेळी भांडी घासत होती.

“मथुराबाई, शेळी बटाईवर घेता का?” प्रभाकरांनी विचारलं. “शाळेने आम्हाला दिली, आम्ही तुम्हाला देतो. सोबत खुराक आहे, बदाम, मनुका, बिस्किटं. निम्मा तिचा, निम्मा तुमचा. आणि करडात आमचा जो वाटा असेल त्यातलं निम्मं.”

मथुराबाईने बदामांकडे पाहिलं, मग शेळीकडे. “घेते की साहेब,” ती म्हणाली.

मथुराबाई एका खोलीत राहायची. खोलीत पॉवरलूम होता आणि उरलेल्या जागेत घर. शेळीने लूमवरचा सुताचा ताणा चावला तर लूमचा मालक मला चावेल, हे तिच्या खाली उतरेपर्यंत लक्षात आलं. खाली सागर अजून रिक्षा पुसत होता.

“सागरभाऊ, शेळी बटाईवर घेतो का?”

“अरे बाई, मैं तो रिक्षा चलाता हूँ. कुठे ठेवू? मागच्या सीटवर?” सागर म्हणाला. मग खुराकाची पिशवी त्याच्या नजरेला पडली. “आधा माल मेरा?”

“जो उरला आहे, त्याचा आधा.”

“चल दे. जैनाबादला मावशी आहे माझी, तिच्याकडे गोठा आहे.”

अशा रीतीने शैक्षणिक पशू क्रमांक एक त्याच संध्याकाळी पुलावरून पलीकडे गेला आणि सागरच्या मावशीच्या अंगणात उतरला. मावशीने शेळीकडे पाहिलं. शेळीने मावशीकडे पाहिलं.

“कोनाची हाय?” मालूबाईने विचारलं.

“शाळेची.”

“आन शाळेले कोनी देली?”

“तूच दिली ना, मावशी.”

“मंग ठीक हाय,” मालूबाई म्हणाली. “आधे-आधे.”

मालूबाई लबाड नव्हती, व्यवहारी होती. आपलीच शेळी आपल्याला सांभाळायला मिळते आणि वर तिच्यासोबत बदाम येतात, हा व्यवहार तिला नाकारण्यासारखा वाटला नाही. पण हंगाम कापणीचा होता आणि तिला दिवसभर शेतावर जावं लागे. म्हणून तिने चांदीला शेजारच्या सुकलालच्या केळीच्या बागेत बांधलं आणि दावं त्याच्या हातात दिलं, बटाईवर. सुकलालने उरलेल्या खुराकाची पुडी उघडली. तिच्यात दोन मनुका होत्या. त्या त्याने खाल्ल्या आणि तो शहापूरला भाच्याच्या लग्नाला निघून गेला.

ग्रुपवर मात्र सगळं सुरळीत चाललं होतं. सोमवारी गणवेशातली पल्लवी आणि निळ्या रिबिनीची चांदी झळकली, मंगळवारी खेळाचा ड्रेस आणि पिवळी रिबीन. अलका मॅडमनी लिहिलं, ‘पल्लवीच्या डोळ्यांत जबाबदारीची चमक स्पष्ट दिसते.’ त्या फोटोत पल्लवी शिंक दाबत होती.

बुधवारी दुपारी सुकलालच्या बागेत चांदी व्याली.

तिथे कुणीही नव्हतं. शाळेची सगळी समिती, अडतीस विद्यार्थी, त्यांचे पालक आणि मथुराबाईपासून सुकलालपर्यंतचे सगळे भागीदार आपापल्या कामात होते. शेळीने स्वतःच केळीच्या ओलाव्याला सावली शोधली, स्वतःच दोन करडं काढली, चाटून कोरडी केली आणि आचळाला लावली. या संपूर्ण उपक्रमात शेळीकडे कुणी एकदाही जबाबदारी सोपवली नव्हती, त्यामुळे तिला ती दुसऱ्या कुणाला देता आली नसावी.

बातमी सुकलालच्या बायकोकडून मालूबाईला, मालूबाईकडून सागरला, सागरकडून मथुराबाईला आणि मथुराबाईकडून प्रभाकरांना गुरुवारी सकाळी पोचली. तोवर ग्रुपवर त्या दिवसाचा फोटो गेला होता. त्यात चांदीचं पोट टम्म होतं.

“दोन पिल्लं?” पल्लवीने विचारलं. ती शाळेच्या तयारीत होती. एक वेणी घातलेली, एक सुटलेली. “कशी आहेत? पांढरी हैं क्या? पप्पा, चलो ना. अभी चलो.”

“कुठेही जायचं नाही,” प्रभाकर म्हणाले. “फोटोत शेळी गाभण आहे. शुक्रवारच्या आणि शनिवारच्या फोटोतही गाभणच आहे. तोपर्यंत ती व्यालेली नाही. समजलं?”

“पण ती व्याली आहे.”

“व्याली असेल. पण अधिकृतरीत्या गाभण आहे.”

“पप्पा, दूर से देखूंगी. चार फुटांवरून. प्लीज.”

“तुला तिथे कुणी पाहिलं तर ढाल गेली, गुण गेले, माझी इज्जत गेली. आई तुला व्हिडिओ दाखवेल.”

सागरने काढलेला व्हिडिओ आला. त्यात सागरचा अंगठा होता आणि अंगठ्याच्या मागे काहीतरी पांढरं हलत होतं. पल्लवीने तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग तिने दप्तराचा पुढचा खण उघडला, सुकलेला पाला गॅलरीतून खाली टाकला आणि वह्या तिथे नीट लावून ठेवल्या. त्या दिवशी ती जेवली नाही. मुलीचं इतकं मन मोडताना आईबापाला वाईट वाटलं नसेल असं नाही; पण ते ग्रुपवर दाखवण्यासारखं नव्हतं.

इकडे प्रभाकर अलका मॅडमना भेटायला गेले आणि त्यांनी सगळं खरं सांगितलं, म्हणजे शेळी जरा लवकर व्याली एवढंच सांगितलं. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या.

“हे शक्य नाही,” त्या म्हणाल्या. “निमंत्रणपत्रिका छापून झाल्या आहेत.”

त्यांनी पत्रिका पुढे केली. रविवारच्या महोत्सवाच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि त्यानंतर ‘प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते शेळीची प्रसूती’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पत्रिकेवर सोनेरी काठ होता. शेळीवर कसलाच काठ नव्हता, तेव्हा दोघांपैकी कुणी बदलायचं हे उघड होतं.

शनिवारी प्रभाकर सागरला घेऊन शेळी आणायला जैनाबादला गेले. तिथे वाट्याचा प्रश्न उभा राहिला. दोन करडांतलं एक मालूबाईचं, याबद्दल वाद नव्हता. उरलेलं एक शाळेचं. पण शाळेच्या निम्म्यात प्रभाकर, त्यांच्या निम्म्यात मथुराबाई, तिच्या निम्म्यात सागर, सागरच्या निम्म्यात पुन्हा मालूबाई आणि तिच्या निम्म्यात सुकलाल. सुकलाल लग्नाहून परतला होता आणि त्याच्या अंगाला अजून हळद होती. हिशेब करता करता त्याच्या वाट्याला करडाचा एक कान आला.

“मले कान नको,” सुकलाल म्हणाला. “मी मेहनत केली हाय.”

“कोनती रे?” मालूबाईने विचारलं.

“माह्या बागेत नही व्याली का?”

“ती व्याली. तू लगनात जेवत होता.”

“आन तू? तू बी तं मले देली ना?”

मालूबाई दाव्याची गाठ तपासू लागली. सागर रिक्षाचा आरसा पुसू लागला. प्रभाकरांनी घड्याळात पाहिलं. करडं आईच्या आचळाला ढुशा देत होती. शेवटी वाटणी महोत्सवानंतर करायचं ठरलं आणि सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं.

महोत्सव थाटात झाला. मंचावर पडदा लावला होता आणि पडद्यामागे चांदी व तिची दोन करडं होती. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, बँडने सलामी दिली, पडदा सरकला आणि शेळी अधिकृतरीत्या व्याली. करडांनी लगेच मंचावर उड्या मारायला सुरुवात केली. एकाने तर पाहुण्यांच्या गळ्यातला हार खाल्ला.

“जन्मल्या जन्मल्या एवढी पळतात?” एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं.

“इंटरनॅशनल आहे ना शाळा,” शेजारी म्हणाला.

मग पल्लवीला ढाल मिळाली. तिने रजनीने लिहून दिलेलं भाषण एकदाही न अडखळता म्हटलं. त्यात चांदीने मला आई व्हायला शिकवलं, असं एक वाक्य होतं. त्यावर दोन-चार बायकांनी डोळे पुसले. अलका मॅडमनी तिला माईकवरच सांगितलं, “पल्लवी बेटा, आज नियम शिथिल आहे. जा, आपल्या चांदीला जवळ घे.”

चांदीने तिला ओळखलं होतं. मान लांब करून ती दाव्याच्या टोकापर्यंत आली आणि दोन शिंगांमधलं कपाळ तिने पुढे केलं. पल्लवी उभी राहिली. तिने फोटोग्राफरकडे पाहिलं आणि विचारलं, “अंकल, कितने फोटो चाहिए?”

दोन हवे होते. दोन झाल्यावर ती खाली येऊन आपल्या खुर्चीवर बसली.

महोत्सवानंतर उन्हाळ्याची सुट्टी लागली. सुट्टीत शेळी कुणाकडे ठेवायची हा प्रश्न निघाला, तेव्हा तो मान साहजिकच ढाल जिंकणाऱ्या विद्यार्थिनीला देण्यात आला. वाटणीही त्यामुळे पुढे ढकलली गेली. चांदी आणि दोन्ही करडं पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आली. लिफ्ट अजून बंद होती. या वेळी सागर भाडं घेऊन गेला होता, म्हणून चांदीला प्रभाकरांनी एकट्याने वर चढवलं आणि शेवटच्या पायरीवर त्यांच्या कमरेत काहीतरी कटकन वाजलं.

ते पलंगावर आडवे झाले. त्यांना मुलीबद्दल वाईट वाटत होतं, हेही खरं आहे. परीक्षा संपली होती, फोटो संपले होते, आता तिला अडवायला काही कारण उरलं नव्हतं. त्यांनी प्रेमाने हाक मारली.

“पल्लवी, ये बघ. आता दोन महिने चांदी तुझी. चारा तू घाल, पाणी तू दे, करडांना मांडीवर घे, तिच्याजवळ झोप. आता कुणी तुला काही म्हणणार नाही. बस?”

पल्लवी मोबाईलवर काहीतरी बघत होती. गॅलरीत करडं ओरडत होती, त्यांना तहान लागली होती.

“मी?” तिने विचारलं. “पप्पा, बटाई पे दे दो ना किसी को.”

“अगं, तुलाच तर हवं होतं ना हे सगळं?”

“तब मुझे समझता नहीं था,” पल्लवी म्हणाली. “स्वतः तर कुणीही करतं.”

प्रभाकरांनी कूस बदलून पाहिली. कमरेतली कळ आता पायात उतरली होती. बाम कपाटात होता आणि कपाट त्यांच्या हाताच्या पलीकडे होतं.

“तेवढा बाम दे गं,” ते म्हणाले, आणि मग उगाच हसून, थट्टेने विचारावं तसं त्यांनी विचारलं, “आणि आम्ही दोघं म्हातारे झालो म्हणजे? तेव्हा आम्हाला कोण सांभाळणार?”

पल्लवीने मोबाईल खाली ठेवला. बापाने आपल्याला खूप शिकवलं आहे, त्याची काळजी मिटवणं आपलं काम आहे, असा एक समंजस भाव तिच्या चेहऱ्यावर आला. ती त्यांच्या उशाशी येऊन बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला.

“टेन्शन मत लो, पप्पा,” ती म्हणाली. “सागरभैयाचा नंबर सेव्ह आहे माझ्याकडे.”

अलका मॅडम म्हणतात, उपक्रम यशस्वी झाला, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं काही आम्हाला सापडलेलं नाही. वाचकहो, आपल्याही घरी मुलं आहेत. आज रात्री ती झोपल्यावर त्यांचा मोबाईल हळूच उघडून, त्यात आपल्यासाठी कुणाचा नंबर सेव्ह आहे, तेवढं पाहून ठेवा.